चाकाआधी पाऊल: खडबडीत वाटेवर गाडी चालवायला शिकताना

डांबर संपतं तिथे नवखा माणूस सहसा थांबत नाही. गाडी हिंदकळायला लागते, खाली खडी वाजते, पण वेग तोच, टायरमधली हवा तीच, गिअरही तोच. पुढे कुठेतरी गाडीच्या पोटाला दगड लागतो किंवा चाक रुततं, आणि मग सगळे खाली उतरून पाहणी करतात. ही पाहणी आधी करायची असते. ज्यांना ज्यांना मी अशा वाटेवर गाडी चालवायला शिकवली, त्यांच्याकडून पहिल्या दिवशी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करून घेतली: दार उघडा, खाली उतरा, पुढचा टप्पा पायी चालून या, मग चाक घाला.

पायाला जे कळतं ते काचेतून दिसत नाही. गवताने झाकलेला खड्डा, वरून वाळलेली पण आत लोण्यासारखी मऊ माती, पाय दिला की डुगडुगणारा धोंडा, वळणापलीकडे खचलेली कड. दोन-तीन मिनिटं चालावं लागतं, बस. आणि चालून आल्यावर ‘इथून जायला नको’ असं वाटलं तर गाडी वळवायची. परत फिरणं हाही या शिक्षणाचाच भाग आहे, आणि तो पहिल्याच दिवशी शिकावा.

निघण्याआधी गाडीखाली बघा

गाडी सपाट जागी उभी करा, जमिनीवर आडवे व्हा आणि खालून नीट बघा. सगळ्यात खाली काय लोंबतंय? ज्या गाड्यांना अखंड ॲक्सल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा असतो, त्यांत बहुधा डिफरन्शियलचा (ताकद दोन्ही चाकांना वाटून देणाऱ्या गिअरपेटीचा) गोळा सगळ्यात खाली असतो. तो कित्येक गाड्यांत मधोमध नसून एका बाजूला सरकलेला असतो. आपल्या गाडीत तो कुठल्या बाजूला आहे हे पाठ करा, कारण दगडांतून जाताना तीच बाजू जपायची आहे. ज्यांची चारही चाकं स्वतंत्रपणे वर-खाली होतात, त्या गाड्यांत धक्का बसला की अख्खं पोटच खाली येतं. म्हणून कागदावर २०० मिलिमीटर लिहिलेलं पोट आणि जमीन यांतलं अंतर उड्या मारत गेल्यास तेवढं उरत नाही.

मग तीन कोन बघा. पुढचा बंपर आणि पुढचं चाक यांच्यामधला कोन सांगतो की किती उभा चढ नाक न घासता गाठता येईल. मागचा कोन उताराच्या तळाशी कामाला येतो, तिथेच मागचा बंपर किंवा सायलेन्सर टेकतो. तिसरा कोन पोटाचा. दोन चाकांमधलं अंतर जितकं जास्त, तितकी गाडी टेकाडाच्या माथ्यावर अडकून तराजूसारखी झुलण्याची शक्यता जास्त. लांब गाडीचं पोट ज्या उंचवट्यावर बसतं, त्यावरून आखूड गाडी सहज निघून जाते.

गाडी ओढून काढायची वेळ आली तर दोर कुठे लावायचा, हेही आजच शोधून ठेवा. चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला घट्ट बसवलेला, त्याच कामासाठी दिलेला हूक हवा. गाडी ट्रकवर बांधून नेण्यासाठी खाली बारीक कड्या दिलेल्या असतात, त्या ओढण्यासाठी नसतात.

सामान जड असेल तर ते खाली, पुढच्या सीटच्या जवळ आणि पट्ट्याने करकचून बांधलेलं असावं. टपावर काही ठेवू नका. टपावरच्या पन्नास किलोंमुळे गाडीचा तोल किती वर जातो हे आडव्या उतारावर कळतं, आणि तेव्हा काही करता येत नाही. गाडीच्या आतला मोकळा जॅक, पाना, पाण्याचा कॅनही बांधा. गाडी कलंडली तर या वस्तू डोक्यावर येतात.

दोन गाड्या असल्याशिवाय अवघड वाटेला जाऊ नये, हा माझा तरी नियम आहे. कुठे चाललोय आणि कधीपर्यंत परतणार, हे घरी राहणाऱ्या एका माणसाला सांगून ठेवा. नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या, कारण अशा ठिकाणी रेंज जाते. पिण्याचं पाणी, प्रथमोपचाराची पेटी, टॉर्च, हवा भरलेली स्टेपनी, फावडं, हवा मोजायचं गेज आणि बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसर एवढं नसेल तर निघूच नका.

फोर बाय फोर नेमकं काय करतं

बऱ्याच फोर बाय फोर गाड्यांत त्याच्या लिव्हरच्या तीन जागा असतात: टू हाय, फोर हाय आणि फोर लो. पहिल्यात दोनच चाकांना ताकद जाते. फोर हायमध्ये चारही चाकांना, पण वेग नेहमीचा. फोर लोमध्ये इंजिनाचा जोर साधारण दोन ते चार पट होऊन चाकापर्यंत पोचतो आणि वेग त्याच प्रमाणात उतरतो. ही कल्पना जुनीच आहे, १९४१ च्या विलीज जीपमध्येही दोन टप्प्यांची अशी गिअरपेटी होती. नवखे लोक फोर लोला ‘अडकल्यावर वापरायचा गिअर’ समजतात. तो अडकण्याआधी वापरायचा गिअर आहे. दगड, उभा चढ, उभा उतार समोर दिसला की तिथेच लावा. बहुतेक गाड्यांत त्यासाठी गाडी थांबवून किंवा अगदी चालण्याच्या वेगात आणून न्यूट्रल करावं लागतं. आपल्या गाडीचं पुस्तक काय म्हणतं ते वाचून ठेवा. लिव्हर अडलं तर जोर लावू नका, गाडी हातभर पुढे-मागे करा, दाते जुळतात आणि ते आपसूक बसतं.

वळताना पुढची चाकं मागच्या चाकांपेक्षा लांबचा फेरा घेतात. पुढच्या-मागच्या ॲक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नसलेल्या गाड्यांत फोर बाय फोर लावलं की पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांना बांधले जातात. माती किंवा वाळूत चाकं थोडी घसरून हा फरक भरून काढतात. कोरड्या डांबरावर ती घसरू शकत नाहीत, मग स्टिअरिंग जड होतं, गाडी अडखळते आणि आतले गिअर ताणले जातात. अशा गाडीत पक्का रस्ता लागला की टू हायवर या.

आता चाक हवेत उचललं गेल्यावर काय होतं ते बघू. साधं डिफरन्शियल ताकद सोपी वाट मिळेल तिकडे जाऊ देतं. त्यामुळे हवेतलं चाक गरगर फिरतं आणि जमिनीवरचं नुसतं उभं राहतं. त्यावर दोन उपाय असतात. एक म्हणजे डिफ लॉक, जो दोन्ही चाकं एका गतीने फिरायला लावतो. तो अडथळ्याच्या आधी लावायचा, चाक गरगरत असताना नाही. अडथळा संपला की काढायचा, कारण तो लावलेला असताना गाडी नीट वळत नाही. दुसरा उपाय म्हणजे ट्रॅक्शन कंट्रोल, जो फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून ताकद दुसरीकडे वळवतो. तो काम करताना खालून करकर, खडखड असा आवाज येतो आणि घाबरून माणूस ॲक्सिलरेटर सोडतो. सोडू नका. पाय स्थिर ठेवून दोन-तीन सेकंद थांबा, यंत्रणेला काम करायला तेवढा वेळ लागतो.

एक गोष्ट मनावर कोरून घ्या: फोर बाय फोर गाडीला पुढे न्यायला मदत करतं, थांबवायला नाही. सुट्या खडीवर ब्रेक दाबला की चार चाकांची ताकद असलेली गाडीही तशीच घसरते.

हवा कमी करा

लाखभर रुपयांचं सामान बसवण्याआधी गेज घ्या. इतका फरक पाडणारी दुसरी गोष्ट मला माहीत नाही, आणि नवखे लोक सर्वांत जास्त कंटाळा हिचाच करतात.

हवा कमी केली की टायर जमिनीवर पसरतो, आणि रुंदीपेक्षा लांबीत जास्त पसरतो. चाकाखाली लांब पट्टा तयार होतो, गाडीचं वजन त्यावर वाटलं जातं, त्यामुळे मऊ जमिनीत ते कमी रुततं आणि दगडावर दगडाचा आकार घेऊन धरून ठेवतं. टणक टायर टोकदार दगडावर आदळून फाटतो, मऊ टायर त्याला कवेत घेतो. शिवाय गाडीतल्यांची हाडं खिळखिळी होत नाहीत.

रस्त्यावर ३० ते ३५ पीएसआय असेल तर खडबडीत मातीच्या वाटेसाठी २२ ते २६ पर्यंत या. खोल वाळूत १५ ते १८. साध्या रिमवर १२ च्या खाली गेलात तर वळताना टायर रिमवरून निसटू शकतो, म्हणून शिकताना तिथे जाऊच नका. गाडी जड असेल, सामान भरलेलं असेल तर आकडे थोडे वर धरा. हवा थंड टायरमध्ये मोजा, चालून तापलेला टायर आकडा फुगवून दाखवतो.

कमी हवेवर वेग नको. टायरची बाजू सतत दुमडते, तापते आणि आतून फाटत जाते. १८ च्या आसपास असाल तर ताशी ३० किलोमीटर पुरे, आणि झटक्यात वळू नका. पक्का रस्ता लागला की सगळ्यात आधी हवा भरा. उशीर झाला, भूक लागली, पुढच्या पंपावर भरू, ही तिन्ही कारणं मी ऐकली आहेत आणि त्यातल्या एकामागे रस्त्यावर फाटलेला टायरही पाहिला आहे.

बसणं आणि हात

सीट जवळ आणि ताठ घ्या, पट्टा लावा. स्टिअरिंग दोन्ही बाजूंनी धरा, पण अंगठे आत गुंडाळू नका, बाहेरून कडेवर ठेवा. चाक दगडाला अडलं की स्टिअरिंग हिसका देऊन फिरतं आणि आत अडकलेला अंगठा मोडतो. जुन्या, पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाड्यांत हे जास्त होतं, पण सवय सगळीकडे हीच असू द्या. कोपर खिडकीबाहेर काढू नका. आणि गाडी कलंडतेय असं वाटलं तर हात बाहेर काढून ‘टेकू’ द्यायचा प्रयत्न कधीही करू नका, हात-पाय आत, पट्टा घट्ट.

चढ

उभ्या चढावर सरळ जायचं. तिरकं जायचं नाही, मध्येच वळायचं नाही. तिरकी झालेली गाडी खाली घसरत नाही, गडगडते. आधी चालत माथ्यापर्यंत जा, पलीकडे काय आहे ते बघा. माथ्यावर पोचताना बॉनेट आकाशाकडे असतं आणि समोरचं काहीच दिसत नाही, तेव्हा पलीकडची वाट डोक्यात असायला हवी. फोर लो, पहिला किंवा दुसरा गिअर, स्थिर पाय. माथा जवळ आला की ॲक्सिलरेटर हलका करा.

चढ अर्ध्यात सुटला तर काय करायचं, हे खाली सपाटीवरच घोकून ठेवा. एकदा माझ्या शेजारी बसलेल्या शिकाऊ चालकाची गाडी माथ्यापासून दोन गाड्यांच्या अंतरावर बंद पडली. त्याचा डावा पाय सवयीने क्लचवर गेला. गाडी मागे सरकायला लागली तसं त्याने स्टिअरिंग फिरवलं. मी हँडब्रेक ओढला तेव्हा मागचं एक चाक वाटेच्या कडेवर आलं होतं. चूक त्याची नव्हती, त्याला आधी सराव दिलेला नव्हता. तेव्हापासून मी हा क्रम इंजिन बंद ठेवून तोंडाने म्हणायला लावतो:

१. ब्रेक घट्ट दाबा आणि दाबलेलाच ठेवा. इंजिन बंद असताना ब्रेकची मदत एक-दोन दाबांपुरतीच उरते. सोड-दाब केलीत तर तो दगडासारखा टणक होतो.
२. हँडब्रेक ओढा.
३. आता क्लच दाबून फोर लोमध्येच रिव्हर्स घाला, इंजिन चालू करा.
४. पुढची चाकं सरळ आहेत याची खात्री करा. बाहेर डोकावून चाक बघा, नुसत्या स्टिअरिंगवर भरवसा ठेवू नका.
५. क्लच हळू सोडा, पूर्ण सोडा. इंजिनाने गाडी धरल्याचं जाणवलं की हँडब्रेक आणि मग ब्रेक हलका करा. पाय क्लचपासून लांब.
६. आलात त्याच रेषेत सरळ मागे उतरा, इंजिनाच्या जोरावर.

ऑटोमॅटिक गाडीत क्लच नाही, बाकी तेच: ब्रेक, रिव्हर्स, सरळ चाकं, सावकाश. चढावर गाडी वळवून तोंड खाली करण्याचा विचारही करू नका.

उतार

वर थांबा, उतरून तळापर्यंत बघा. फोर लो, पहिला गिअर, क्लच पूर्ण सोडलेला, गाडीला इंजिन धरून ठेवेल. न्यूट्रलमध्ये किंवा क्लच दाबून उतरणं म्हणजे फक्त ब्रेकवर उतरणं, आणि सुट्या मातीत चाकं जाम झाली की स्टिअरिंगचा काही उपयोग राहत नाही. मागची बाजू आडवी सरकू लागली तर मनाविरुद्ध वाटलं तरी ब्रेक सोडा आणि अगदी हलका ॲक्सिलरेटर द्या. चाकं पुन्हा फिरू लागतात, गाडी सरळ होते. उतारावर गाडीचा वेग धरून ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असेल तर ती वापरा, पण ती नसताना कसं उतरायचं हे आधी शिका.

आडवा उतार, म्हणजे एक बाजू वर आणि एक खाली, शक्यतो टाळाच. जावंच लागलं तर अगदी हळू, आणि वरच्या बाजूच्या चाकाखाली दगड, खालच्या बाजूच्या चाकाखाली खड्डा येणार नाही याची चालून खात्री करून. घसरायला लागली तर स्टिअरिंग उताराकडे फिरवा. हात आपोआप वरच्या दिशेला वळतात, त्याने गाडी उलटते.

इथे नवख्यांचा एक गोंधळ होतो. उभा चढ-उतार सरळ घ्यायचा, पण अरुंद चर, आडवा पडलेला ओंडका किंवा छोटा बांध तिरका घ्यायचा, म्हणजे एका वेळी एकच चाक खाली जातं आणि बाकीची तीन धरून ठेवतात. लांब उतार आणि आखूड अडथळा यांतला फरक लक्षात ठेवा.

दगड

मोठा धोंडा दोन चाकांच्या मधून काढायचा मोह होतो. नका काढू, तो डिफरन्शियलला किंवा तेलाच्या टाकीला लागतो. टायर त्याच्यावर चढवा. टायरचं तळ भक्कम असतं, पोट नसतं. टायरची बाजू मात्र कच्ची असते, कमी हवेत ती आणखी फुगते, म्हणून टोकदार दगडाला ती घासू देऊ नका.

वेग चालणाऱ्या माणसापेक्षा कमी. क्लच पूर्ण सोडून फोर लोच्या पहिल्या गिअरमध्ये इंजिन आपल्या चालीने चढू द्या. हाफ क्लचवर गाडी लोंबकळत ठेवलीत तर जळका वास येईल, आणि तो आला की थांबून क्लच थंड होऊ द्या. ऑटोमॅटिकमध्ये डावा पाय ब्रेकवर अगदी हलका ठेवून उजव्याने ॲक्सिलरेटर द्या, म्हणजे दगडावरून गाडी धपकन पडत नाही, टेकत उतरते.

समोर एक माणूस उभा करा. एकच. चार जण चार दिशांनी हात हलवू लागले की चालक कुणाचं बघणार? तो माणूस ‘डावं, उजवं’ ओरडत बसला तर कुणाचं डावं असा प्रश्न पडतो, म्हणून चाक जिकडे वळायला हवं तिकडे हाताने दाखवायचं. मूठ वर म्हणजे थांब. चालकाला त्याचा चेहरा दिसत नसेल तर गाडी हलवायची नाही. त्याने गाडीपेक्षा उताराच्या खालच्या बाजूला, किंवा गाडी आणि दगड यांच्या मध्ये, कधीही उभं राहू नये.

पाणी

एका ओढ्याकाठी आम्ही थांबलो होतो. पलीकडे चाकांच्या खुणा दिसत होत्या, म्हणजे कुणीतरी गेलं होतं. पाणी गढूळ, पण संथ. मी काठी घेऊन उतरलो. पहिली तीन पावलं घोट्याइतकं पाणी, खाली टणक खडी. चौथ्या पावलाला काठी हातभर आत गेली, पाय मांडीपर्यंत, आणि तळाला नुसता गाळ. गाडीचं पुढचं चाक बरोबर तिथेच जाणार होतं. चार पावलं डावीकडे तोच तळ पुन्हा टणक लागला, पाणी गुडघ्याखाली. आम्ही तिथून गेलो.

पाण्यात गाडी घालण्याआधी चालूनच जायचं, आणि चालायला भीती वाटेल एवढं पाणी वेगात असेल तर गाडीही घालायची नाही. सुमारे ३० सेंटीमीटर खोल वेगाचं पाणी लहान गाडीला उचलून नेऊ शकतं, ६० सेंटीमीटर बहुतेक गाड्यांना, अगदी उंच फोर बाय फोरलासुद्धा. याचं गणित सोपं आहे. एक घनमीटर पाण्याचं वजन १००० किलो. चार मीटर लांब, १.७ मीटर रुंद गाडीच्या तळाच्या वर दहा सेंटीमीटर पाणी चढलं की, आत पाणी शिरेपर्यंत, ते गाडीला जवळजवळ ६८० किलोंनी वर ढकलतं. दीड-दोन टनांच्या गाडीचं चाकावरचं वजन बघता बघता संपतं, आणि मग प्रवाह तिला बाजूला ढकलतो. पुराच्या पाण्यात, पुलावरून पाणी वाहत असताना, रात्री न दिसणाऱ्या पाण्यात जायचं नाही. यात माझ्याकडे अपवाद नाही.

संथ, पायाने तपासलेलं, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या खोलीच्या आतलं पाणी असेल तर: लांबून आलेली गाडी जरा थंड होऊ द्या, कारण तापलेला ॲक्सल गार पाण्यात बुडाला की आकसतो आणि सीलमधून पाणी आत ओढतो. काचा खाली करा. फोर लो, पहिला किंवा दुसरा गिअर. हळूच आत शिरा, मग पुढे एक लाट तयार होईल एवढाच वेग धरा आणि तो सोडू नका. त्या लाटेमागे बॉनेटखाली पाण्याची पातळी थोडी खाली राहते. गिअर बदलू नका, क्लच दाबू नका. समोरून दुसरी गाडी येत असेल तर तिला आधी बाहेर पडू द्या, तिच्या लाटा तुमच्या पाण्यात भर घालतात.

पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका. हवेच्या नळीतून सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन खलास होतं. ओढून बाहेर काढा, आधी एअर फिल्टर बघा. तो ओला असेल तर मेकॅनिकशिवाय किल्ली फिरवायची नाही. नीट पार झालात तर पलीकडे हलके ब्रेक दाबत थोडं अंतर जा, म्हणजे ब्रेक वाळतील.

चिखल आणि वाळू

दोन्हीकडे सूत्र एकच: थोडी गती, एकसारखा पाय, हिसके नाहीत. चिखलात फोर लोचा दुसरा गिअर बहुधा बरा पडतो, पहिल्यात चाकं लगेच गरगरतात. पकड सुटतेय असं वाटलं तर स्टिअरिंग भराभर थोडं डावं-उजवं हलवा, टायरच्या कडा नव्या मातीत रुतून धरतात.

खोल चाकोरीत गाडी आपोआप चालते आणि पुढची चाकं कुठे वळलेली आहेत हे कळतच नाही. स्टिअरिंग फिरवलंत तरी गाडी सरळच जाते, मग चाकोरी उथळ झाली की चाकाला पकड मिळते आणि गाडी झपकन बाजूला उडी मारते. म्हणून चाकोरीत अधूनमधून खिडकीतून चाक बघा.

वाळूत ब्रेक टाळा. ब्रेक लावला की चाकापुढे वाळूचा ढीग जमतो आणि निघताना तोच अडवतो. ॲक्सिलरेटर सोडलात तरी गाडी थांबते. थांबताना तोंड उताराकडे ठेवा. मोठी वळणं घ्या. टेकाड सरळ चढा, सरळ उतरा, आणि माथ्याच्या अलीकडे वेग सोडा, पलीकडची बाजू कड्यासारखी तुटलेली असू शकते.

रुतल्यावर

चाक एक-दोनदा जागच्या जागी फिरलं की पाय काढा. पुढचा प्रत्येक फेरा गाडीला खाली नेतो, आणि पोट टेकलं की काम चौपट होतं. उतरा, बघा. बऱ्याचदा आलेल्या चाकोरीतून सरळ मागे जाता येतं. नाही जमलं तर आणखी थोडी हवा काढा, चाकांपुढची आणि पोटाखालची माती फावड्याने ओढा, चाकाखाली ट्रॅक्शन बोर्ड (पकड देणाऱ्या खाचेदार पट्ट्या) असतील तर ते, नाहीतर सपाट दगड नाहीतर फांद्या द्या. तरी निघालो नाही तर दुसरी गाडी.

ओढणं हा या सगळ्यातला सर्वांत धोक्याचा भाग आहे, चढ-उतारापेक्षाही. एकदा आमच्यासमोर ओढताना एका गाडीचा हूक तुटला. दोर सुटून आला तो आवाज मला ऐकूच आला नाही, फक्त मागच्या दाराच्या पत्र्याला हूकच्या आकाराचं भोक पडलेलं दिसलं. पाच मिनिटांपूर्वी तिथे एक माणूस टेकून उभा होता.

टो बॉलला, म्हणजे मागे ट्रेलर जोडायच्या गोळ्याला, दोर कधीही अडकवू नका. तो तुटून मागच्या काचेतून आत येतो आणि त्याने माणसं गेली आहेत. ताणला जाणारा दोर वेगळा आणि न ताणणारा पट्टा वेगळा. झटका देऊन काढायचं असेल तर ताणणाराच हवा, न ताणणाऱ्याने फक्त हळूहळू खेचायचं. दोराची ताकद दोहोंतल्या हलक्या गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दोन-तीन पट असावी. दोन दोर धातूच्या शॅकलने (पिन लावून बंद होणाऱ्या कडीने) एकमेकांना जोडू नका, तुटल्यावर ती शॅकल गोळीसारखी उडते. दोरावर मधोमध जड ओलं पोतं किंवा घोंगडी टाका. बघे लोक दोराच्या लांबीच्या दीडपट लांब, आणि दोराच्या रेषेत तर कुणीच नाही. दोन्ही गाड्यांत फक्त चालक, पट्टा लावून. विंच, म्हणजे ड्रमवर दोर गुंडाळत गाडी ओढणारं यंत्र असेल तर हातमोजे घाला, ड्रमवर पोलादी दोराचे किमान पाच वेढे राहू द्या आणि ताणलेल्या दोरावरून ओलांडून जाऊ नका.

परत आल्यावर

वाट आखलेली असेल त्याच वाटेने परत या. चिखल टाळायला बाजूच्या गवतातून गाडी काढली की मागचाही तिथूनच जातो, आणि एका पावसात वाट तिप्पट रुंद होते. वाळलेल्या उंच गवतावर तापलेली गाडी उभी करू नका. खालचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा डबा) शेकडो अंश तापलेला असतो, गवत पेटतं. खाली अडकलेलं गवतही वाटेतच काढून टाका.

हवा भरून रस्त्याला लागलात आणि स्टिअरिंग थरथरतंय असं वाटलं तर घाबरू नका, बहुधा रिमच्या आत वाळलेला चिखल चिकटलेला असतो. तो खरवडून काढा. घरी आल्यावर खालून पाण्याने धुवा, टायरच्या आतल्या बाजूंवरून हात फिरवून काप आहेत का बघा, ब्रेकमध्ये खडा अडकलाय का बघा. चाकाचे नट पुन्हा आवळा. पाण्यातून गेला असाल तर दुसऱ्या दिवशी डिफरन्शियलच्या तेलाचा प्लग उघडा. तेल दुधट दिसलं तर पाणी शिरलंय. ते तेल आधी बदला, तोवर गाडी चालवू नका.